जिन्यातला खोकला

दारं ही लावण्यासाठी नसून उघडी टाकण्यासाठी केलेली असतात, असं मनापासून मानणारा शेवटचा माणूस लालबागेत राहतो, आणि माझं नशीब असं की तो माझा घरमालक आहे. काकांचा जन्म चाळीतल्या याच खोलीतला, लग्न याच खोलीतलं, काकू गेल्या त्याही इथूनच. मुलानं समोरच्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला तेव्हा काका तिकडे राहायला गेले आणि खोली मला भाड्यानं दिली. म्हणजे कागदावर दिली. मनातून ती त्यांनी कधी सोडलीच नव्हती, आणि त्यांच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात खोलीच्या लॅचची दुसरी किल्ली लटकत होती; आतून कडी त्या दाराला कधी नव्हतीच.

मी साताऱ्याकडची, परळच्या एका हॉस्पिटलात नर्स. बहुतेक रात्रपाळी, त्यामुळे सकाळी येऊन दार लावायचं आणि मेल्यासारखं झोपायचं. आता चाळीचा शिरस्ता असा, की दिवसा दार बंद याचे अर्थ दोनच. एक तर घरात कुणी आजारी, नाहीतर नवराबायकोचं वाजलंय, आणि दोन्ही प्रसंगी शेजाऱ्यानं आत जायचंच असतं. मला नवरा नाही, म्हणजे मी आजारीच! पहिल्याच आठवड्यात डोळे उघडले तर उशाशी काका, हातात गरम पेजेचं पातेलं. "दिवसाउजेडी दार लावलंस, माका वाटला बरा नाय तुका." मी किंचाळायचीच बाकी होते. अहो, रात्रभर दुसऱ्यांना औषधं देणारी मी, आणि संध्याकाळपर्यंत अख्खी गॅलरी मला ओवा, सुंठ आणि सल्ले देऊन गेली. पेज मात्र फक्कड होती, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर त्यांचं येणं सुरूच राहिलं. आल्या आल्या ओट्याजवळच्या कोपऱ्यातल्या त्यांच्याच माठातलं पाणी स्वतः ओतून घ्यायचं, घटाघटा प्यायचं आणि मग तपासणीला लागायचं. भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायची, गॅसचा रेग्युलेटर हुंगायचा, माझा फ्रीज उघडून शिळी भाजी बाहेर काढायची आणि तिच्या जागी सुकट ठेवायची. माझ्या सगळ्या ड्रेसना सुकटीचा वास लागला होता. वॉर्डातले पेशंट जेवणाची वेळ झाली का विचारायचे. एकदा मी करारनामा समोर धरला. मालकानं यायचं तर पूर्वसूचना देऊन यायचं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय आणि खाली त्यांचीच सही आहे. काकांनी चष्मा लावून वाचलं आणि भलतेच दुखावले. "जिन्यात खोकललंय मां मी? आणि काय नोटीस देऊ?" त्यांच्या लेखी जिन्याच्या वळणावरचा तो घसा खाकरणं म्हणजे वकिलाकरवी पाठवलेली रीतसर नोटीस होती. खोकला संपायच्या आत किल्ली कुलपात फिरलेली असायची, ही गोष्ट वेगळी.

इथवर मी हसून सोडत होते. पण एका सकाळी मी अंघोळीला बसले होते. चाळीच्या खोलीतली मोरी ती, तिला दार कुठलं, नुसता प्लॅस्टिकचा पडदा. आणि बाहेर खोकला! मी "थांबा, थांबा" ओरडेपर्यंत दार उघडलंसुद्धा. मी पडद्याच्या अलीकडे अंग चोरून, जीव मुठीत धरून बसलेली, आणि पलीकडून माझ्याच स्टुलावर चढत काकांचा शांत आवाज, "सावकाश न्हा गो, घाई नाय. मी पंख्याक तेल घालतंय."

त्या दिवशी माझी सटकली. त्यांना पडद्याआडूनच ओरडून बाहेर काढलं, कपडे केले, आणि गॅलरीत येऊन चारचौघांसमोर बोलले, "काका, भिंती तुमच्या असतील. पण भाडं मी भरते, तोवर आत राहते ती मी. माझ्या घरात मलाच लपून बसायला लागत असेल तर मला ही खोली नको." सोडून जाणार कुठं होते, देव जाणे, हॉस्पिटलाजवळ एकट्या बाईला खोली देतंय कोण? पण बोलले ते खरं बोलले, आणि आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. आपलं काय चुकलं हे काकांना माझं बोलणं ऐकता ऐकता उमगत गेलं असावं, कारण चेहरा हळूहळू उतरला. "लेकीसारखी तू माका," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "लेक न्हात असताना बाप आत येतो का?" त्यांनी दोऱ्यातली किल्ली सोडवली, दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि जिना उतरले. उतरताना खोकलेसुद्धा नाहीत.

मग काका आलेच नाहीत. मला गाढ झोप लागायला लागली, फ्रीजचा वास गेला, घड्याळ बंद पडलं. शेवटी राहवेना, म्हणून त्यांचं पेजेचं पातेलं परत करायच्या निमित्तानं मी टॉवरमध्ये गेले. लांबच लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना बंद दारं, कुठे चिटपाखरू नाही. एकच दार जरासं किलकिलं होतं. ते बंद होऊ नये म्हणून फटीत चप्पल अडकवलेली, आणि आत खुर्ची टाकून काका पॅसेजकडे बघत बसलेले. मला पाहून ताडकन उठले. मी पातेलं त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "काका, या की खोलीवर. फक्त बेल मारा आणि मी दार उघडेपर्यंत थांबा."

पुढच्या माझ्या सुट्टीच्या दिवशी ते आले. बेल मारली, थांबले, मी उघडल्यावर आले आणि दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसले. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "पाणी मिळात काय वायच?" मी म्हटलं, "अहो, माठ तुमचाच, घ्या की!" तर मान हलवत हसले. "पावण्यान ओट्याकडे जावचा नसता गो."

मी पाणी दिलं. हल्ली सुट्टी असली की मी मुद्दाम दार सताड उघडं टाकते. मला हवं होतं तसंच सगळं झालंय, आणि तरी दर वेळी जीव गलबलतो. जिन्यात खोकला येतो, पावलं गॅलरीतून जवळ येतात आणि त्या उघड्या दाराशी थांबतात. मी "या काका" म्हणेपर्यंत ते उंबरा ओलांडत नाहीत.