आधी मी बसून बघतो

नव्या जागी गेला की मामा आधी खाली बसायचा. खुर्ची असली तरी जमिनीवर. मांडी घालायची, दोन्ही तळहात टेकवायचे, डोळे मिटायचे आणि मग म्हणायचं, "हं, आता बोला." गोदामावर वॉचमनच्या नोकरीसाठी गेला, तिथंही असाच बसला. मालकाला वाटलं, गडी उपोषणालाच बसला! त्यानं घाबरून तिथल्या तिथं पगार वाढवला. मी थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच.

पडेगावात माझ्या पिठाच्या गिरणीमागं त्याची खोली होती; सगळेच त्याला मामा म्हणायचे. त्याच्या बापापर्यंत घरात मेंढरं होती. "भाऊ," तो मला सांगायचा, "कळप कुणाच्या वावरात बसवायचा तर आधी आपण बसून बघावं. ओल हाय का, मुंग्या हायत का. जनावर सांगत नाय. आपल्यालाच कळाया पायजे."

त्याची लेक राणूही सांगत नव्हती. आठ वर्षांची पोर, तोंडातून शब्द नाही. डब्याचं झाकण गरगर फिरवायची, नाहीतर माझ्या गिरणीच्या भिंतीला गाल लावून उभी राहायची. आम्ही समजायचो, पोरीला गारवा आवडतो. डॉक्टरांनी सांगितलं, स्वमग्न आहे.

"म्हंजे?" मामानं विचारलं.

"म्हणजे आपल्यातच रमलेली."

"रमली तरी हाय! आमी कुठं रमलोय?"

हसला खरा, पण घरी आल्याआल्या आधी दाराची कडी लावली.

कारण दार उघडं दिसलं की राणू सुटायची. एकदा दौलताबाद रोडच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यावरून चाललेली दिसली. दोन्ही बाजूंनी ट्रक. मी असा ओरडलो की किल्ल्यावरची वटवाघळं भरदिवसा उडाली असतील. राणूनं मान वळवली नाही. मामानं पळत जाऊन तिला उचललं.

मामा आणि त्याची बायको, दोघंही दिवसभर कामावर. त्यात जवळच्या शाळेनं कळवलं, "जूनपासून आणू नका. वर्गात साठ पोरं, हिच्यामागं कोण पळणार?" शाळेत होती तेवढा वेळ तरी पोर गेटाच्या आत होती. आता दिवसभर ती आणि तो रस्ता. जून उंबऱ्यावर आला होता.

मग माझी मोटारसायकल निघाली. पुढं मी, मधे राणू, मागं मामा. अशा मुलांच्या शाळा शोधायला आम्ही एवढं हिंडलो की गाडी चावी न लावताच निघायला लागली होती.

पहिल्या शाळेत काचेची दारं, माशांची पेटी. मामा म्हणाला, "आधी मी बसून बघतो." जमीन पुसलेली ओली होती, म्हणून पोरांच्या खुर्चीवर बसला तो अडकलाच. उठला तर खुर्ची संगं! बाई हसल्या, आम्ही हसलो, खुर्ची निघाली. मग बाई म्हणाल्या, "जी मुलं बोलतात तीच आम्ही घेतो."

दुसरीत टेपवर गाणी आणि पोरांचा कल्ला. राणूनं कान दाबले. मामा थोड्या वेळानं बाहेर आला. "म्या पळालो भाऊ. तिचं काय व्हईल?" त्या दिवसापासून त्यानं ठरवलं, जागा शांत पाहिजे.

तशी तिसरी सापडली, छावणीच्या बाजूला. लिंबाची सावली, गार फरशी, मायाळू बाई, चिमणी चोच पुसते तेही ऐकू यावं एवढी शांतता. मामा बसला तो उठेचना. "लई झ्याक. इथंच." राणू मात्र दारात ताठ उभी. मामानं तिला मांडीवर घेतलं तशी ती किंचाळली आणि स्वतःचा हात कडकडून चावली. दात उमटले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

परतताना मामा मागून म्हणाला, "भाऊ, जागा मला बरी वाटली. बसायचं तिला हाय. मला कळंना झालंय." एवढं हिंडून हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

चौथी शाळा फुलंब्री रोडला, पत्र्याची. शेजारी लोखंडी गेटं बनवायचं दुकान, ग्राइंडरची अखंड घरघर. मामा उतरायलाही तयार नव्हता. "इथं ती येडी व्हईल, चला." तोवर राणू उतरली, सरळ आत गेली आणि दुकानाच्या बाजूच्या भिंतीला गाल लावून उभी राहिली.

तिथल्या बाईंनी तिला हात लावला नाही. त्याही शेजारी जाऊन भिंतीला गाल लावून उभ्या राहिल्या. माझ्या मात्र एकदम डोक्यात प्रकाश पडला. "अरे मामा, गारवा कसला? ही तर माझी गिरणी ऐकत होती!"

मामा कुठंही बसला नाही. उभ्याउभ्या विचारलं, "घेताल का हिला?"

"महिनाभर बघू," बाई म्हणाल्या. "तुम्ही बाहेर थांबायचं. वचन देत नाही."

तेवढ्यावर त्यानं पडेगावची खोली सोडली. नोकरी बदलून रातपाळीची घेतली, बिऱ्हाड एका टेम्पोत घालून तिकडं गेला. गिरणीमागच्या खोलीला कुलूप लागलं.

महिना भरत आला तसा मला राहवेना. एका सकाळी गेलो. मामा शाळेच्या गेटासमोर, रस्त्याच्या कडेला उभा. डोळे तांबारलेले. चपला पायांतून काढून हातात धरलेल्या; अनवाणी जास्त जोरात पळता येतं म्हणे.

"काय मामा! रमली का पोर?" मी गिरणीच्या आवाजात विचारलं.

"हळू, भाऊ," तो म्हणाला. नजर गेटाच्या कडीवर. "आजून तरी आतच हाय."