तपकिरी पर्सची ओढ

आधीच सांगते, इथले गूढ अनुभव मी आजवर टाइमपास म्हणूनच वाचत आले. आमच्या लग्नाची तारीखसुद्धा आम्ही मुहूर्त बघून नाही, हॉल कधी रिकामा आहे ते बघून ठरवली होती. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण नवरा सोडून कुणाला सांगितलेलं नाही आणि आता मनात मावत नाही.

आम्ही धायरीला राहतो, माझी नोकरी खराडीला. म्हणजे आयुष्य ट्रॅफिकमध्येच जातं म्हणा. उरलेल्या वेळात मला जुन्या चामड्याच्या पर्स दुरुस्त करायचा नाद आहे. मूल व्हावं म्हणून बरीच वर्षं गोळ्या-इंजेक्शनं सगळं करून झालं, मग एक दिवस आम्ही दोघांनी ठरवलं – बास. त्यानंतरचे रविवार फार मोठे वाटायला लागले. हाताला काहीतरी काम हवं होतं, तिथून हा नाद.

मागच्या थंडीत जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर ही पर्स दिसली. तपकिरी, लांब पट्ट्याची. विश्रांतवाडीच्या परवीन नावाच्या बाईंनी विकायला काढली होती. समीर – माझा नवरा – त्या बाजूला गेला होता, तोच घेऊन आला.

पर्सला बुरशी आली होती, अस्तर फाटलं होतं, पट्ट्याची शिवण उसवली होती. मी बुरशी पुसली, सावलीत वाळवली, नवं अस्तर लावलं, मेण लावलेल्या दोऱ्याने पट्टा शिवला. मग रंग. सगळीकडे झकास बसला, फक्त पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला, कडीच्या जरा वर, एक जागा रंग घेईना. काळसर, गुळगुळीत. वर्षानुवर्षं हाताने धरलं की चामडं असं होतं. पण तिथे कोण धरेल? मोठी माणसं पट्टा खांद्याजवळ धरतात. मी तो डाग तसाच सोडला.

पर्स पहिल्यांदा घेऊन निघाले ती भाजीला. धायरी फाट्याजवळ रस्ता ओलांडायला फुटपाथवरून पाय खाली टाकणार, तोच पट्टा ओढला गेला. एकदाच, हलकेच. लहान मूल ओढणी धरून ओढतं ना, तसा. मी वळून पाहिलं आणि माझ्याच लक्षात आलं की मी मागे नाही, खाली पाहिलं होतं... कमरेच्या उंचीवर. कुणी नव्हतं.

पुढे हे होतच राहिलं. घरात काही नाही, ऑफिसात काही नाही. फक्त रस्ता ओलांडायच्या आधी. दुसरी पर्स घेतली तर नाही. समीरला सांगितलं.

"वजन एका बाजूला जात असेल," तो म्हणाला. "पाऊल खाली टाकलं की पर्स हेलकावा खाते. फिजिक्स आहे हे."

"मग तू घेऊन ओलांड."

बिचाऱ्याने खरंच लेडीज पर्स खांद्याला अडकवून रस्ता ओलांडला. बाकावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "छान आहे. मॅचिंग चपलाही घ्या." समीरला काहीही जाणवलं नाही.

मला भीती वाटत नव्हती, हेच तर सांगायचंय. उलट मी विनाकारण रस्ते ओलांडायला लागले. दूध आमच्याच बाजूला मिळतं, तरी मी समोर जायची. ती ओढ लागावी म्हणून कडेला मुद्दाम रेंगाळायची... आणि एका संध्याकाळी रस्त्याच्या कडेला मी चक्क मोठ्याने म्हणाले, "हो रे, चल."

शेजारची बाई बघायला लागली. घरी येऊन मी खूप रडले. कारण ही ओढ माझ्यासाठी नाही, एवढं मला कळत होतं. कुणाचं तरी मूल होतं ते. गेलेलं असलं तर? त्याच्या आईला हे कळायला नको का?

मी परवीनताईंना मेसेज केला आणि पर्स घेऊन विश्रांतवाडीला गेले. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, मुलगी कॉलेजात. पर्स पाहून म्हणाल्या, "अगदी नवी केलीत की हो! अम्मीची होती. ती गेल्यावर घर आवरलं. ठेववत नव्हती आणि टाकवतही नव्हती, म्हणून विकली."

मी चाचरत विचारलं, "तुमच्याकडे एखादं लहान मूल... म्हणजे, गेलेलं?"

"नाही हो. मी आणि माझा भाऊ, दोघंच. तो दुबईला असतो. का?"

मग मी सगळं सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी पर्स मांडीवर घेतली आणि अंगठा बरोबर त्या डागावर ठेवला.

"मी धरायचे इथे," त्या म्हणाल्या. "अम्मीच्या कडेवर भाऊ, दुसऱ्या हातात बाजाराची पिशवी. माझ्या वाट्याला हात उरायचाच नाही. अम्मी म्हणायची, रस्ता आला की एकदा ओढ, म्हणजे तू मागे आहेस ते मला कळेल. मी ओढल्याशिवाय ती पाऊल टाकायची नाही."

ओढणारी मुलगी तर माझ्यासमोर बसली होती – चष्मा, केसांत मेंदी, हातात चहाचा कप.

करूनच बघू म्हणून आम्ही खाली आळंदी रोडवर गेलो. आधी त्यांनी पर्स खांद्याला लावून रस्ता ओलांडला. पलीकडे जाऊन त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. परत आल्या तेव्हा चेहरा उतरला होता.

"मला कशी लागेल? ओढणारी मीच ना." मग पर्स माझ्या हातात देत म्हणाल्या, "तुम्ही घ्या खांद्याला. मी मागे राहते."

मी फुटपाथच्या कडेला उभी राहिले. त्या वाकल्या, पट्ट्याचं खालचं टोक धरलं आणि एकदा ओढलं. तीच ओढ! तेवढाच जोर, तसंच हलकं. शपथेवर सांगते. आम्ही दोघींनी रस्ता ओलांडला. पलीकडे पोचल्यावरही त्यांनी पट्टा सोडला नाही, मीही सोडवून घेतला नाही.

त्यांनी पर्स परत घेतली नाही. "तुमच्याकडेच राहू दे," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून काहीही झालेलं नाही. समीर म्हणतो, बरं झालं, सुटला विषय. मला मात्र कधी कधी वाटतं, विचारायला गेलेच नसते तर... जिवंत, धडधाकट बाईचं लहानपण माझ्या मागे कसं चालत होतं, आणि माझ्याच का, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा.

परवीनताईंचा अधूनमधून फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की त्या विचारतात, "आज काही?"

"नाही हो."

"बरं," त्या म्हणतात. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघीही फोन ठेवत नाही.