सुमित्राच्या भुंगिणी

साताऱ्याकडची सुमित्रा सातवी शिकलेली. नवरा एकनाथ न्यू जर्सीत इंजिनियर, पोरं घरात इंग्रजी झाडायची. वेस्ट विंडसरजवळ वॉल्टर म्हाताऱ्याचं टोमॅटोचं काचघर होतं, तिथं तिला काम लागलं. बॅटरीवर थरथरणारी कांडी फुलांच्या देठाला लावायची. परागाची पिवळी भुकटी झडली की फळ धरतं. तिथं इंग्रजी लागत नव्हतं. साऱ्या अमेरिकेत तेवढ्या एका जागी तिला कुणी अडाणी म्हणत नव्हतं.

सत्त्याऐंशीच्या एप्रिलात एक भुंगीण उघड्या तावदानातनं शिरली अन् उंदराच्या जुन्या बिळात तिनं घर केलं. आपल्याकडच्या काळ्या भुंग्याची ही केसाळ, पिवळ्या पट्ट्याची चुलतबहीण. जुलैपर्यंत तिच्या शंभरेक लेकी कामाला लागल्या. फुलाला मिठी मारायच्या, जाग्यावरच अंग थरथरवायच्या, की पराग खाली. फुलावर त्यांनी चावून धरल्याचा तपकिरी डाग मागं ऱ्हायचा. डागाचं फूल हमखास धरायचं.

कांडीनं सुमित्राचा हात बधिर झालेला. तेवढंच काम हलकं झालं म्हणून ती लई खूश. वॉल्टरला मनगटाला धरून तिनं डाग दाखवले. "सी? बी डू. गुड!"

"सुमी, यू आर अ जीनियस!" म्हातारा म्हणाला.

पुढच्या सोमवारी त्यानं तिला घरी बसवलं.

एकनाथ पोट धरून हसला. "किड्यांनी नोकरी खाल्ली! आन् शिफारस कुणी केली? बाईसाहेबांनीच."

"हसा. येऊ का तुमच्या हापिसात? तुमच्याबिगर काय काय चालतंय ते दावते साहेबाला."

एकनाथनं टीव्ही लावला अन् आवाज मोठा केला.

ऑक्टोबरात भुंगिणी पटापट मेल्या. त्यांची जातच तशी. थंडीत निस्त्या नव्या राण्या जगतात, एकेकट्या भुईत निजून. वॉल्टरचा फोन आला. सुमित्रा परत कामावर गेली. घरी बसून टीव्हीशी बोलायचं का? मेलेल्या कामकरणी तिनंच झाडून काढल्या.

"नेक्स्ट समर दे विल बी बॅक," वॉल्टर मजेत म्हणाला.

एप्रिलात जाडजूड राणी आत आली, भुईलगत बिळं हुंगत फिरली. सुमित्रानं बुटाची टाच दिली. एक राणी मेली म्हंजे जुलैतल्या शंभर मेल्या, हे सातवीवालीलाही कळतं. मेअखेर तिनं अकरा मारल्या.

"व्हेअर आर द बीज, सुमी?" वॉल्टर रोज विचारायचा.

"टुमारो," ती म्हणायची अन् कांडी घेऊन पुढच्या ओळीत जायची.