वाऱ्याच्या वाटेवरचं घर

अंजनाबाईच्या नाकाला कुणी दोष देऊ नका, एवढं आधीच सांगतो. छप्पन्न वर्षं मढच्या कोळीवाड्यात काढलेल्या बाईचं नाक ते! नवरा दर्यात गेला तेव्हा तिच्या पदरी उरलं काय, तर एक मुलगा आणि खळ्यावरच्या सहा वलांड्या. खळं म्हणजे मासळी सुकवायचं मैदान. वलांडी म्हणजे बांबूंची उंच चौकट. तिला दोऱ्या बांधायच्या, दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी दोरीवर टाकायची. अंजनाबाईचा हात असा चाले की बघणाऱ्याचेच डोळे दुखावेत. त्या बोंबलांवर मुलगा वाढला, त्याचं लग्न झालं, सून मालन घरात आली.

जमीन कागदावर कुणा शेठची होती. पण आजेसासूच्या काळापासून तिथे बोंबीलच वाळत आलेले, मग कागद बघायला जातंय कोण!

चौऱ्याऐंशी साली ती बंगल्यासाठी विकली गेली आणि ऐन श्रावणात चंद्रप्रकाश नावाचा आर्किटेक्ट आला. तरुण, दाढीवाला, खांद्याला झोळी. बाकीचे बंगलेवाले आधी झाडं तोडायचे. हा चपला काढून चिखलात बसला नि म्हणाला, "मावशी, मला या जमिनीला शोभेल असं घर बांधायचंय. पाणी, ऊन, वारा, सगळं तुमच्याकडून शिकायचंय."

मला शिकवा, असं तिला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. बाई हरखलीच! तिने त्याला पाण्याचा उतार दाखवला, भरतीची रेघ दाखवली, उंडीचं म्हातारं झाड दाखवलं. मग पदराचं टोक हवेत धरून म्हणाली, "पाऊस सरला का दुपारचा वारा असा येतो बग. दर्यावरून, खळ्यावरून, सरळ. अख्ख्या मढात असा वारा नाय. म्हून तर आमच्या वलांड्या हितं."

"आई, सगळंच काय सांगत बसता?" मालन म्हणाली.

"चांगला पोरगा हाय गो तो."

चांगला होताच, खोटं कशाला बोलू! त्याने उंडीला वळसा घालून भिंत घेतली, पाण्याची वाट मोकळी सोडली. खळ्याच्या अंगाला भिंतच नाही, नुसती सरकती काचेची दारं. वारा घरभर फिरावा म्हणून. रंगीत चित्र काढून आणलं. त्यात उतरती कौलं, मागे दर्या, मधे वलांड्या. "खळं राहणार, मावशी. घराची शोभाच ती. जमीन घेतलेल्या मालकीणबाईंना तर फार आवडलं," तो म्हणाला. अंजनाबाईने आपल्या सहाच्या सहा वलांड्या मोजून घेतल्या. पावसामुळे श्रावणात त्या रिकाम्या असतात. चित्रातही रिकाम्याच होत्या, पण ते तिच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं.

तुम्ही म्हणाल, बांधकाम चाललं तेव्हा हा वारा सोबत काय आणतो ते कुणाला कळलं कसं नाही? अहो, आर्किटेक्ट साहेब यायचा सकाळी. सकाळी वारा जमिनीवरून दर्याकडे जातो. दुपारी उरायचे ते गवंडी आणि बिगारी, आणि त्यांना कोण विचारतंय!

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर वास्तुशांत झाली. अंजनाबाई नवं लुगडं नेसून निवडक सुक्या बोंबलांची जुडी घेऊन गेली. पाहुणे कौतुक करत होते. दुपार कलली, मालकिणीने हौसेने सगळी दारं सरकवली, आणि साहेबाने जसा आखला होता तसाच वारा बोंबलांनी भरलेल्या सहा वलांड्यांवरून थेट दिवाणखान्यात शिरला.

पाहुण्यांनी रुमाल काढले. मालकीण साहेबाकडे बघत राहिली. अंजनाबाई मात्र जुडी पुढे करून हसत उभी. कप्पाळ!

आठ दिवसांत खळं रिकामं करा, असा निरोप चौकीदाराने आणला. अंजनाबाई तरीत बसून खाडीपलीकडे वर्सोव्याला उतरली, विचारत विचारत अंधेरीला साहेबाच्या ऑफिसात पोचली.

"बाबा, तू बोललास खळं राहणार. दुसरीकडं वारा नाय रं. बोंबील कुजतील. मी काय करू?"

त्याला तिच्याकडे बघवेना. "मावशी, मी खूप सांगितलं त्यांना. पण घर त्यांचं आहे. मी फक्त काढून दिलं." मग अगदी हळू म्हणाला, "तुम्ही तेव्हा वासाचं एकदा तरी बोलायचंत ना."

"कसला वास?" अंजनाबाईने विचारलं.

ती खरंच विचारत होती. त्याने चहा मागवला. तो तिने घेतला नाही.

नवव्या दिवशी माणसं आली आणि त्यांनी चार वलांड्या उपटल्या. पाचवीला हात घालणार तोच मालकीणबाई ओट्यावर आल्या. "त्या दोन राहू द्या. रिकाम्या छान दिसतात. चित्रात आहेत ना तशा." अंजनाबाई दोऱ्यांचं भेंडोळं छातीशी धरून मालनशेजारी उभी होती. भांडायला तोंड उघडलं, पण भांडायचं कशावरून? हा वारा येतो कुठून, ते तिनेच तर बोट धरून दाखवलं होतं.

दुपार कलली. वारा सुटला. दर्यावरून, दोन रिकाम्या वलांड्यांतून, सरळ घरात. आता दारं सताड उघडी होती.

"काय वारा हाय गो, मालन," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.