लांब टेबलाची लोर्ना

लोर्ना ट्रेस्कॉट मला पहिल्यांदा दिसली ती आमच्या क्लबच्या जेवणघरात. लांब टेबलाशी एका खुर्चीवर बसायची, शेजारच्या खुर्चीकडे हात लांबवायची, उठायची, मग पुढच्या खुर्चीवर बसायची.

"काही हरवलंय का तुमचं?" मी विचारलं.

"मीठ देता येतंय का बघतेय. खुर्च्या फार लांब आहेत. एकटा आलेला माणूस ओरडून मीठ मागत नाही. अळणी जेवतो."

लॉन्सेस्टनमधल्या या क्लबची जुनी चाल अशी की एकट्यानं आलेल्या सदस्यानं लांब टेबलाशी बसायचं, तेही आधी बसलेल्याच्या अगदी शेजारी. मी निवृत्त शाळामास्तर; बायको गेल्यावर मला या चालीनं बरंच सावरलं होतं.

क्लबची अंतर्गत सजावट नव्यानं करायला लोर्नाला बोलावलं होतं. आमचे अध्यक्ष हेक्टर ब्लायथ यांना लांब टेबल काढून खिडक्यांशी दोघादोघांची टेबलं मांडायची होती.

"हल्ली सगळीकडे तसंच असतं," ते बैठकीत म्हणाले.

"तशा टेबलाशी एकटं जेवलं की समोरची खुर्ची आपल्याकडे बघत बसते," लोर्ना म्हणाली. "माझ्या घरी तेच आहे."

आमचा जुना सदस्य, म्हातारा मर्व्ह खाकरला. "राहू दे ते टेबल, हेक्टर. तुझ्यासमोर एकट्यानं बसायची पाळी आली, तर मी जेवणच सोडीन."

टेबल राहिलं. लोर्नानं दिवे खाली घेतले, भिंतींना शेवाळी रंग दिला, जाड गालिचे अंथरले; हळू बोललेलंही ऐकू येऊ लागलं. खुर्च्या जवळ आल्या. मिठाच्या डब्या मात्र तिनं मुद्दाम कमी ठेवल्या.

"फार चिक्कू बाई आहे," मर्व्ह माझ्याकडे मीठ मागत कुरकुरला, आणि त्याच ओघात त्यानं आपल्या गुडघ्याची सगळी कहाणी मला ऐकवली.

उद्घाटनाला टाळ्या झाल्या. लोर्ना भिंतीशी पेला घेऊन उभी होती. एकदा तिनं एका खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला, पण बसली नाही. त्यानंतर ती क्लबात दिसेनाशी झाली.

हिवाळ्यात ती मला बेकरीत भेटली. खिडकीशी उभ्यानंच शिंपल्यांचं सारण भरलेली पेस्ट्री खात होती.

"काय गं, जेवायला येत नाहीस क्लबात?"

"कशी येऊ? मी सदस्य कुठे आहे?"

मला थट्टाच वाटली. "टेबल तू वाचवलंस की!"

"नळ बसवणारा तिथे आंघोळ करतो का, मास्तर?"

आमच्याकडे सदस्यत्व कुणी स्वतः मागत नाही. एकानं नाव सुचवायचं, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं. मला वाटत होतं, हेक्टरनी तिचं नाव कधीच दिलं असेल. नंतर कळलं, त्यांना वाटत होतं, मी दिलं असेल.

"एका शब्दानं बोलायचंस तरी."

"बोलायचं नसतं ना ते," ती म्हणाली आणि पेस्ट्रीचा कागद नीट घडी घालून खिशात ठेवला.

त्याच आठवड्यात मी तिचं नाव दिलं, मर्व्हनं अनुमोदन दिलं. नाव महिनाभर फळ्यावर लागलं. येणारा जाणारा थांबून वाचायचा आणि म्हणायचा, "म्हणजे, ही सदस्य नव्हती?"

ती सदस्य झाली तोवर थंडी सोसेना म्हणून मर्व्ह लेकीकडे क्वीन्सलँडला निघून गेला होता. तरुण मंडळी बारच्या काउंटरशीच उभ्यानं खातात.

लोर्ना दर गुरुवारी येते. लांब टेबलाशी बहुतेक वेळा आम्ही दोघंच असतो. मी मुलाकडे होबार्टला गेलो की ती एकटी जेवते. तेव्हा ती मधल्या खुर्चीवर बसते, म्हणजे दोन्हीकडचा शेजार मोकळा राहतो.