उदास उंदरांची राखण

वैजीनाथ परभणीतल्या एका फार्मसी कॉलेजात उंदरांची खोली सांभाळायचा. त्याआधी तो आणि बायको धुरपताबाई दरसाल ऊस तोडायला जायची. कोयता चालवून कंबर गेली, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं हे काम मिळालं. पांढऱ्या उंदरांना खाणंपाणी करायचं, पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, खोली धुवायची. कोयत्यापुढं हे म्हणजे बसून खाणं, असं गावाकडची माणसं म्हणायची. वैजीनाथ ऐकून घ्यायचा. बसल्या माणसालाही शीण येतो, हे कुणाला समजावून सांगणार?

दिवाळीनंतर वैष्णवी नावाची मुलगी पीएचडीसाठी तिथं काम करू लागली. सेलूची, बोलायला साधी. तिनं पहिल्याच दिवशी त्याला रीत सांगितली.

"मामा, आपल्याला उंदीर उदास करायचेत."

वैजीनाथला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"रोज काहीतरी तरास द्यायचा," ती म्हणाली. "कधी भुसा ओला करायचा, कधी पिंजरा तिरपा ठेवायचा, कधी पाणी काढून घ्यायचं. आज काय होणार, हे त्यांना कळायला नको. असं काही आठवडे चाललं की रक्तात ताणाचं हार्मोन वाढतं. मग उंदीर साखरेच्या पाण्यालासुद्धा तोंड लावत नाही. त्यातल्या एका गटाला आपण शंखपुष्पीचा अर्क देणार, दुसऱ्याला नुसताच ताण. तिसरा गट सुखात राहील. शेवटी सगळ्यांचं रक्त तपासायचं."

"अन् मग?"

"मग ते राहत नाहीत, मामा."

तो सांगितलं तसं करू लागला. पण संध्याकाळी घरी गेला की समोर धुरपताबाई दिसायची, भिंतीला टेकून बसलेली. पोरगी राणी लग्न होऊन येलदरीकडं गेली, तेव्हापासून ती मिटत चालली होती. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण. परवा राणी माहेरी आली तर आईसाठी जिलबी घेऊन आली होती. धुरपताबाईनं हातात धरली आणि तशीच ताटात ठेवली. एके काळी जिलबीसाठी गंगाखेडच्या बाजारात अडून बसणारी बाई.

"मायला काय व्हायलंय, बाबा?" राणीनं विचारलं.

"थकलीय," तो म्हणाला. दुसरं काय सांगावं ते त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पाण्याचा तांब्या घेऊन पिंजऱ्यांपुढं उभा राहिला. अर्क मिळणाऱ्या उंदरांचा भुसा त्यानं ओला केला. त्यांना निदान औषध तरी होतं. पण नुसत्या ताणाच्या गटापुढं त्याचा हात अडला. यांना ना औषध, ना सुटका. एक उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. वैजीनाथनं तांब्या खाली ठेवला. त्या दिवसापासून वैष्णवी खोलीत नसली की तो त्या पिंजऱ्यांना कोरडा भुसा घालायचा, पिंजरे सरळ करायचा, पाणी ठेवायचा. पाप कशात आहे याचा विचार त्यानं केला नाही. इतकं डोकं चालवायची ताकद उरली नव्हती.

रक्ताचा निकाल आला आणि वैष्णवी खोलीत येऊन स्टुलावर बसली. नुसत्या ताणाच्या गटाचं हार्मोन सुखातल्या गटाइतकंच निघालं होतं. अर्कानं काही केलं की नाही, हे आता सांगताच येत नव्हतं. सगळे उंदीर तर गेलेच होते.

"कुठं चुकलं, तेच कळंना मामा," ती म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते.

वैजीनाथनं हातातला झाडू भिंतीला लावला. "तुमचं न्हाई चुकलं मॅडम. त्या पिंजऱ्यायला म्या तरास दिलाच न्हाई. मला जमलं न्हाई."

ती स्टुलावरून उठली. "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "आता पुन्हा तेवढेच उंदीर आणावे लागतील. पुन्हा मारावे लागतील. तुमच्या दयेनं कोण वाचलं, सांगा?"

मग त्यानं धुरपताबाईचं सांगितलं, तुटक तुटक, खाली बघत. आणि जाता जाता विचारलं, "त्यो अर्क थोडा तिला देऊन बघावा का?"

"नको मामा. अजून उंदरातलंच धड कळलेलं नाही. सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर बसतात. तिथं न्या. मी येते पाहिजे तर."

ती खरंच आली. डॉक्टरांनी धुरपताबाईला बरंच काही विचारलं. तिनं एकाच गोष्टीचं उत्तर दिलं. झोप येते का, म्हटल्यावर म्हणाली, "लय दिवस झाले, न्हाई." तिच्या शेजारी बसून वैजीनाथला हे पहिल्यांदाच कळत होतं. गोळ्या सुरू झाल्या. फरक पडायला वेळ लागेल, घाई करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं.

नवे उंदीर आले. वैष्णवी म्हणाली, "मामा, हे काम मी दुसऱ्या कुणाला देते." पण दुसरा कुणी निष्काळजीपणानं करील, पुन्हा बिघडेल, मग तिसऱ्यांदा आणावे लागतील. असा विचार करून वैजीनाथनं नको म्हटलं. या वेळी त्यानं एकही पिंजरा सोडला नाही. ओला करायचा तो ओला केला, तिरपा ठेवायचा तो तिरपा ठेवला. घरी जाऊन मुकाट्यानं भाकरी थापली, कारण धुरपताबाई अजून चुलीपुढं बसत नव्हती.

उन्हाळ्यात निकाल आला. अर्क दिलेल्या गटाचं हार्मोन पुष्कळ उतरलं होतं. वैष्णवीनं पेढे वाटले. हे फक्त उंदरातलं आहे, माणसापर्यंत जायला फार लांबचा पल्ला आहे, असं ती ज्याला त्याला सांगत होती. वैजीनाथनं पेढा खाल्ला आणि रिकामे पिंजरे धुवायला घेतले.

त्याच आठवड्यात धुरपताबाई सकाळी आपणहून उठून म्हणाली, "राणीकडं जाऊन येऊ का?"

एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. जिंतूर मागं पडल्यावर ती त्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, गाढ. वैजीनाथचा हात अवघडून बधिर झाला. त्यालाही झोप आली होती, पण तिला धक्का लागू नये म्हणून येलदरी येईपर्यंत तो तसाच ताठ बसून राहिला.