साफ केलेली श्रुतिका

रेडिओच्या नाट्यविभागात काकांनी तीस वर्षं फक्त पावलांचे, दारांचे, पावसाचे आवाज काढले. नटांची नावं जाहीर व्हायची, काकांचं कधीच नाही. परवा पुतणीनं जुन्या टेपवरची एक श्रुतिका आजच्या श्रोत्यांसाठी साफ करून त्यांना मोबाइलवर ऐकवली. संवाद अगदी लख्ख होते.

"अंगणातली पावलं कुठे गेली गं?"

"ती खरखर होय? काढून टाकली."

"अगं, तो मी होतो! ट्रेमधल्या खडीवर चालत."

पुतणीचा चेहरा पडला. जीर्ण टेपचे एकदा वाजूनच तुकडे झाले होते आणि साफ न केलेली प्रत तिनं पुसून टाकली होती.

काकांनी माळ्यावरचा ट्रे काढून खडी ओतली, पण आता वयामुळे पाय उचलवेना.

"तू उभी राहा खडीवर," ते म्हणाले. "दमलेला माणूस घरी कसा येतो, ते सांगतो."